बेलापूर नावाचे दोन मतदारसंघ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवी मुंबईतल्या नेरुळच्या सोसायटीच्या स्मरणिकेसाठी बेलापूर विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकांवर चार पानं लिहायची आहेत. १९९० पासूनच्या विजेत्यांची यादी हाताशी आहे, पण गाडी दोन ठिकाणी अडलीय. २००४ आणि २००९ चे आकडे शेजारी ठेवले की मेळ बसत नाही. आणि या मतदारसंघाला ‘नाईकांचा बालेकिल्ला’ म्हणायचं की ‘भाजपचा’, तेही ठरत नाही.

मी पंचवीसेक वर्षं या पट्ट्यात यादीचं काम करतो. मतदारयादी भागवार फोडायची, कुठला भाग गावठाणाचा आणि कुठला सेक्टरचा ते लावायचं, मागच्या निकालाचे आकडे त्यावर बसवायचे आणि उमेदवाराला सांगायचं की लीड कुठे मिळेल आणि कुठे तुटेल. वेगवेगळ्या पक्षांच्या लोकांसाठी हे केलंय, मोजणीच्या टेबलालाही बसलोय. त्यामुळे पुढे लिहितोय ते हिशेबनिसाच्या नजरेनं आहे. कुणाचा आतला गोट माझ्याकडे नाही.

तुमची खरी अडचण विजेत्यांच्या यादीत नाहीच. तुम्ही २००४ चं बेलापूर आणि २००९ चं बेलापूर एकच धरून चाललाय. नाव एक असलं तरी मतदारसंघ दोन आहेत.

२००८ ला मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि २००९ ची विधानसभा तिच्यावर लढली गेली. त्याआधी आजचा पालघर धरून अख्ख्या ठाणे जिल्ह्यात विधानसभेच्या १३ जागा होत्या, नंतर २४ झाल्या. मुंबईलगतच्या भागात माणसं किती वाढली होती, ते या एका उडीत दिसतं. जुन्या बेलापूरच्या पोटातून ऐरोली वेगळी निघाली. आज ऐरोलीचा क्रमांक १५० आणि बेलापूरचा १५१. ढोबळमानानं ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे हा ठाण्याकडचा पट्टा ऐरोलीत आणि वाशी, सानपाडा, नेरुळ, सीबीडी हा खाडीच्या खालच्या अंगाचा पट्टा बेलापुरात. तेव्हा २००९ ला मतदार ‘घटले’ असं कुठे लिहिलं असेल तर खोडा. घर तेच राहिलं, उंबरे दोन झाले.

शेजारच्या ठाण्यातही हेच झालं. २००४ ला एकनाथ शिंदे ‘ठाणे’ मतदारसंघातून निवडून आले आणि २००९ पासून ‘कोपरी-पाचपाखाडी’तून येताहेत. २००९ ला ‘ठाणे’ नावाच्या जागेवर राजन विचारे आले. नुसती यादी वाचणाऱ्याला वाटेल की शिंद्यांनी मतदारसंघ बदलला. खरं तर मतदारसंघच त्यांच्या पायाखालून दुभंगला.

आणखी एक गोष्ट, कारण स्मरणिका वाचणारे हमखास विचारतील. नवी मुंबई म्हणजे बेलापूर अधिक ऐरोली, हे महापालिकेपुरतं ढोबळमानानं खरं आहे. हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाच्या नकाशातली नवी मुंबई त्याहून मोठी आहे. खारघर, कामोठे, कळंबोली हे पनवेल मतदारसंघात मोडतात आणि लोकसभेला मावळमध्ये जातात. उलवे उरणमध्ये. तुमच्या सोसायटीतून खारघरला राहायला गेलेली मंडळी अजून नेरुळच्या यादीत असतील, तर ती कशी अडचण करतात ते पुढे येतंय.

आता बालेकिल्ल्याचं बघू. या शब्दाशी माझं फारसं जमत नाही. बातमीच्या मथळ्यात तो बसतो, पण हिशेबात त्याचा उपयोग नाही. मी काय करतो ते सांगतो: निकाल पक्षवार न मांडता ‘कोण कोणाच्या समोर होतं’ असे मांडतो. बेलापूरची गोष्ट मग बरीच उलगडते.

१९९० आणि १९९५ ला गणेश नाईक शिवसेनेकडून निवडून आले. १९९५ च्या युती सरकारात ते मंत्रीही झाले. पुढे त्यांनी शिवसेना सोडून राष्ट्रवादीची वाट धरली आणि १९९९ ला शिवसेनेच्या सीताराम भोईर यांनी त्यांना हरवलं. ही नोंद तुमच्या यादीत एका ओळीची असेल, पण माझ्या मते जुन्या बेलापूरच्या इतिहासातली सगळ्यात बोलकी ओळ तीच आहे. तोवर इथली शिवसेना म्हणजे नाईक, असं सगळे धरून चालले होते. १९९९ ला दोघे समोरासमोर आले आणि धनुष्यबाणाची स्वतःची अशी मतं होती, हे कळलं. पुढच्याच खेपेला, २००४ ला, नाईक राष्ट्रवादीकडून परत आले. म्हणजे माणसाचीही स्वतःची मतं होती. दोन्ही खरं. फक्त दोन्ही एका पारड्यात पडली की बालेकिल्ला दिसतो आणि वेगळी झाली की काट्याची लढत.

२००९ ला नव्या सीमांवर पहिली निवडणूक झाली. बेलापुरात गणेश नाईक, ऐरोलीत त्यांचे चिरंजीव संदीप नाईक, दोघेही राष्ट्रवादीचे. त्याच वर्षी ठाणे लोकसभेवर दुसरे चिरंजीव संजीव नाईक. एका घरात एक खासदार, दोन आमदार. ‘बालेकिल्ला’ हा शब्द तिथून चिकटला.

पाच वर्षांनी २०१४. हे वर्ष नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त चुकीचे निष्कर्ष याच वर्षावरून निघतात. युती तुटली, आघाडीही तुटली, चारही मोठे पक्ष स्वतंत्र लढले. पूर्वी राष्ट्रवादीत असलेल्या मंदा म्हात्रे भाजपकडून उभ्या होत्या. त्यांना ५५,३१६ मतं पडली, गणेश नाईकांना ५३,८२५ आणि शिवसेनेच्या विजय नाहटांना ५०,९८३. पहिल्या आणि दुसऱ्यात १,४९१ चं अंतर, पहिल्या आणि तिसऱ्यात ४,३३३ चं. नुसत्या या तिघांची बेरीज घेतली तरी विजेत्याचा वाटा साडेचौतीस टक्क्यांच्या आसपास येतो. बाकीचे उमेदवार धरले की अर्थात आणखी खाली. याला ‘बालेकिल्ला ढासळला’ म्हणणं सोपं आहे. मी तेव्हाही म्हणालो होतो आणि आजही म्हणतो, तीन जवळपास सारखे गठ्ठे होते आणि त्यातला एक नाकभर पुढे गेला.

याला आधार हवा असेल तर सहा महिन्यांनंतरची महापालिका निवडणूक बघा. एप्रिल २०१५ ला १११ जागांपैकी राष्ट्रवादीला ५२, शिवसेनेला ३८, काँग्रेसला १०, भाजपला ६. आमदार भाजपचा आणि नगरसेवक अवघे सहा! विधानसभेला कमळावर शिक्का मारणाऱ्यानं प्रभागात आपल्या ओळखीच्या माणसाला मत दिलं. महापालिकेच्या आकड्यांवरून विधानसभेचा अंदाज बांधणारे दर वेळी इथे पाय घसरून पडतात, आणि उलटही. (शिक्का म्हणायची सवय काही जात नाही. मशिनला आम्ही अजून पेटीच म्हणतो.)

२०१९ ला निवडणुकीच्या तोंडावर नाईक भाजपमध्ये गेले. बेलापूरची उमेदवारी मंदा म्हात्रेंकडेच राहिली, ऐरोलीत संदीप नाईकांनी वडिलांसाठी जागा सोडली आणि गणेश नाईक तिथून निवडून आले. बेलापुरात म्हात्रेंनी राष्ट्रवादीच्या अशोक गावडेंना चाळीस हजारांहून जास्त मतांनी हरवलं. मग २०२४ ला संदीप नाईक भाजप सोडून शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून बेलापुरात उतरले, वडील मात्र ऐरोलीत कमळावरच. निकाल: म्हात्रे ९१,८५२, संदीप नाईक ९१,४७५. फरक ३७७.

आता हे तीन निकाल ओळीनं वाचा. समोरासमोर असताना १,४९१. एका बाजूला असताना चाळीस हजारांच्या वर. परत समोरासमोर आल्यावर ३७७. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यात आहे असं मला वाटतं. या मतदारसंघात दोन जवळपास सारख्या वजनाच्या फळ्या आहेत आणि त्या एकत्र आहेत की आमनेसामने, यावर फरकाचा आकडा ठरतो. २०१९ चा मोठा फरक बघून कुणी ‘लाट’ लिहिलं आणि २०२४ चा बघून ‘नाराजी’, तर दोन्ही वेळा तो एकाच गोष्टीला दोन नावं देतोय. म्हात्रेंची स्वतःची मतं २०१९ पेक्षा २०२४ ला कमी झालेली नाहीत. समोरचा गठ्ठा फुगला.

अर्थात हे सगळं मी दोनच फळ्या धरून मांडलं. २०२४ ला विजय नाहटा अपक्ष होते, मनसेचे गजानन काळे होते. त्यांची मतं कुणाची कापली गेली, हे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतील. मी सांगत नाही. ३७७ च्या फरकात प्रत्येक कारण खरं ठरतं. १८९ जणांनी इकडचं मत तिकडे टाकलं असतं तर निकाल फिरला असता. एवढी माणसं तर तुमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला येतात (गणपूर्ती झाली तर).

आकडे मांडताना एक खड्डा हमखास लागतो, म्हणून आधीच सांगतो. तक्त्यात पक्षाचा रकाना रिकामा असणं म्हणजे त्याची मतं शून्य असणं नव्हे. २०१४ ला बेलापुरात शिवसेनेची पन्नास हजार मतं आहेत. २०१९ ला युतीत जागा भाजपला गेली, त्यामुळे तिथे शिवसेना नाही. मतदार काही गावाला गेले नव्हते. त्यांच्यासमोर चिन्ह नव्हतं, एवढंच. एका होतकरू उमेदवारानं माझ्याकडून तक्ता करून घेतला होता. ती मोकळी चौकट बघून तो म्हणाला, “म्हणजे इथे शिवसेना संपली ना काका?” मी त्याला २०१४ चे केंद्रवार कागद काढून दाखवले. तरी त्यानं पत्रकात तेच छापलं. तुम्ही तिथे शून्य लिहू नका, ‘लढवली नाही’ असं लिहा. आणि २०२४ ला ‘राष्ट्रवादी’ किंवा ‘शिवसेना’ लिहिताना कुठली ते लिहाच. दोन्ही पक्ष फुटले, आणि २०२३ आणि २०२४ मधल्या निवडणूक आयोगाच्या निकालांनंतर नाव आणि चिन्ह दोन्ही बदललीयत. जुनी राष्ट्रवादी आणि शरद पवारांच्या पक्षाचा तुतारी वाजवणारा माणूस एकाच रकान्यात घातलीत तर पुढचा वाचणारा फसेल.

मतदानाच्या टक्केवारीबद्दलही तुम्ही ओझरतं विचारलंय. नवी मुंबईत टक्का कमी असतो आणि दर वेळी ‘सुशिक्षित मतदार उदासीन’ असा लेख येतो. उदासीनता आहेच, नाकारत नाही. सोमवारी मतदान ठेवलं की शनिवार-रविवारला जोडून लोक निघतात, २०१९ ला २१ ऑक्टोबरचा सोमवारच होता. पण यादीचं काम करणाऱ्याला दुसरीही गोष्ट दिसते. टक्का काढताना भागाकार यादीतल्या नावांनी होतो, राहत्या माणसांनी नाही. भाड्यानं राहणारा माणूस तीन वर्षांत सेक्टर बदलतो, नाव जुन्या पत्त्यावर राहतं. कुणी खारघरला घर घेतं, कुणी उलव्याला. शिवाय माथाडी, बाजार समितीतले, कंपन्यांतले कितीतरी लोक सातारा-सांगलीकडचे. गावच्या यादीतलं नाव काढायचं राहून गेलेलं असतं. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्यात बसत नाही, हे त्यांना सांगूनही कळतं असं नाही. आता तारखा बघा. लोकसभेला २०२४ मध्ये साताऱ्याचं मतदान ७ मे ला आणि ठाण्याचं २० मे ला. विधानसभेला २० नोव्हेंबरला अख्ख्या राज्यात एकाच दिवशी. ज्याचं मन गावच्या लढतीत आहे, तो विधानसभेला आदल्या रात्रीच गाडीत बसतो आणि इथलं त्याचं नाव यादीत नुसतं पडून राहतं. तेव्हा लोकसभेचा टक्का आणि विधानसभेचा टक्का समोरासमोर ठेवून निष्कर्ष काढण्याआधी दहादा विचार करा. १९९९ ला तर दोन्ही निवडणुका एकत्रच झाल्या होत्या, ते वर्ष वेगळंच ठेवा.

गाव आणि सेक्टर हा भाग मात्र सावकाश लिहा, कारण चार पानांत जीव येणार आहे तो इथे. या शहराची जमीन इथल्या आगरी-कोळी गावांची. १९७० ला सिडको आली, संपादन झालं, १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तान फाट्यावर दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले, आणि साडेबारा टक्क्यांचा, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या तेवढ्या हिश्श्याचे विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याचा विषय तिथून पुढे आला. नेरुळ, शिरवणे, दारावे, करावे, दिवाळे, शहाबाज ही गावं तुमच्या आजूबाजूला आहेत. यादीचा एखादा गावठाणाचा भाग उघडा. पानभर म्हात्रे नाहीतर पाटील, मधे दोन-तीन भोईर, आणि घर क्रमांकाच्या जागी नुसतं ‘गावठाण’. लगतचा सेक्टरचा भाग उघडा: एका पानावर कुलकर्णी, नायर, सिंग, जाधव, शेख, पटेल. पहिल्या भागात भावकीतल्या चार वडीलधाऱ्यांशी बोललं की अंदाज येतो. दुसऱ्यात जिन्याजिन्यानं फिरावं लागतं, आणि दार उघडेलच असं नाही.

पण यावरून ‘गावं नाईकांची, सेक्टर भाजपचे’ असं सरधोपट लिहू नका. म्हात्रेही इथल्याच भूमिपुत्र आहेत. दोन्ही बाजूंना गावकीत नाती आहेत, आणि कुठल्या आळीचं कुणाशी जमत नाही ही कारणं कुठल्याच तक्त्यात येत नाहीत. २००१ ला महापालिका हद्दीत सात लाख माणसं होती, २०११ ला अकरा लाखांवर गेली. गावठाणं तेवढीच, सेक्टर वाढले. एवढं ठामपणे लिहायला हरकत नाही. यातून कुणाचा फायदा झाला, ते केंद्रवार आकडे बघितल्याशिवाय लिहू नये.

ते आकडे मिळतात कुठे? जुन्या निवडणुकांसाठी निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल आहेत, त्यात मतदारसंघवार सगळे उमेदवार आणि मतं असतात. अलीकडच्यांसाठी राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर फॉर्म २० मिळतो. हे अंतिम निकालपत्रक, प्रत्येक केंद्राची एक ओळ. टपाली मतं खाली वेगळी असतात, ती विसरलात की बेरीज चुकते. मतपत्रिकांच्या काळात असे केंद्रवार आकडे मिळतीलच असं नाही, शिवाय तेव्हा बाद मतं होती आणि ‘नोटा’ (यांपैकी कुणीही नाही) नव्हतं. ‘नोटा’ महाराष्ट्रात विधानसभेला २०१४ पासून. म्हणून टक्केवारी काढताना खाली कुठला आकडा धरला, ते तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहून टाका.

फॉर्म २० वाचताना केंद्राच्या क्रमांकावर विसंबू नका. याद्यांची फेररचना होते, एका केंद्राची दोन केंद्रं होतात, शाळेतलं केंद्र पलीकडच्या मंडपात जातं, हल्ली काही केंद्रं सोसायट्यांच्या आवारातही येतात. २०१४ चं ११२ आणि २०२४ चं ११२ हे बहुधा एकमेकांचे कुणी नसतात. मी पत्ता धरतो, क्रमांक सोडतो. एकदा हे न करता रात्री जागून केलेला तक्ता सकाळी उमेदवाराच्या हातात दिला आणि त्यानं पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं: “हे आमच्या गावचं केंद्र आहे आणि इथे मला अकरा मतं?” त्याच्या गावची मतं मी पलीकडच्या सेक्टरला चिकटवली होती. त्या दिवसापासून आधी पेन्सिलीनं पत्ते लावतो, मग आकडे.

मोजणीचा एक प्रसंग सांगतो. जाळीच्या अलीकडे आम्ही बसलेलो असतो, पलीकडे टेबलावर यंत्र. सील तोडतात, केंद्रावर नोंदलेल्या मतांच्या फॉर्म सतरा-सी वरचा एकूण आकडा यंत्राच्या आकड्याशी जुळवतात, मग बटण दाबलं की उमेदवारागणिक आकडे एकेक करून येतात. आपण मान वाकडी करून ते वहीत टिपायचे. चुरशीच्या मोजणीत शेवटच्या फेऱ्यांना कुणी बोलत नाही. अशाच एका मोजणीत शेजारच्या पक्षाच्या प्रतिनिधीची पेन्सिल तुटली. मी माझी जादा पेन्सिल त्याला दिली. त्याचा उमेदवार पडला आणि पेन्सिलही परत आली नाही.

तुमच्या चार पानांची मांडणी मी अशी केली असती: १९९० ते २००४ जुनं बेलापूर एका पानात, त्यात १९९९ ला जरा थांबून. मग पुनर्रचनेवर अर्धं पान, शक्यतो नकाशासकट, म्हणजे पुढचं सगळं वाचणाऱ्याला कळेल. २००९ ते २०२४ दीड पान, पक्षाऐवजी ‘कोण कोणासमोर’ या क्रमानं. राहिलेलं पान तुमच्या नेरुळचं. तिथे आजूबाजूच्या दोन गावांतल्या आणि दोन सेक्टरांतल्या केंद्रांचे तीन निवडणुकांचे आकडे द्या. वाचणारा आधी स्वतःचं केंद्र शोधतो, मग बाकीचं वाचतो.

तुमचा भाग क्रमांक आणि केंद्राचा पत्ता कळवलात तर २०१४ आणि २०२४ ची ती ओळ कशी जुळवायची ते सांगेन. केंद्र मधे हललं असेल तर जुन्या शाळेचं नावही लिहा.